दोन वर्षांचा राग, पंचवीस वर्षांचा पाऊस

माझ्या लग्नात आमच्या मॅडमनी अक्षता टाकल्या त्या मांडवाकडे बघत. नवरा-नवरी समोर उभे, भटजी घसा ताणून मंगलाष्टकं म्हणताहेत, पालमची अर्धी बाजारपेठ जमलेली, आणि या बाई मान वर करून कापडाची शिवण, दोऱ्यांचा ताण आणि छताचा उतार तपासण्यात गुंग. मग त्या स्टेजवर आल्या, माझ्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मांडव दोन वर्षांचा हाय. पंगती लवकर उरका."

"काय म्हणाल्या?" बायकोनं विचारलं.

"सुखी राहा म्हणाल्या," मी म्हणालो.

दुसरी पंगत बसली आणि अवकाळी पावसानं गाठलं. मांडवाच्या पोटात पाणी साचत गेलं, ते पोट खाली खाली आलं आणि नेमकं माझ्या सासरच्या मंडळींच्या ताटांवर फुटलं. वरण-भात वाहून गेला, बुंदीचं परातीत तळं झालं, माणसं शाळेच्या व्हरांड्याकडे पळत सुटली. मॅडम तेवढ्या उलट्या दिशेनं पळाल्या. उघड्यावर जाऊन, दोन्ही तळहात आभाळाकडे करून, भरजरी साडीसकट चिंब होत त्या ओरडत होत्या, "पाच वर्षांचा! इंजिनिअर, पाच वर्षांचा हाय हा!" त्या दिवशी त्या मांडवात त्यांच्याइतका आनंद कुणालाच झाला नव्हता, मलाही नाही.

पावसाला वर्षं लावायची ही भाषा आमच्या धंद्याची आहे. दोन वर्षांतून सरासरी एकदा येतो तेवढ्या जोराचा पाऊस म्हणजे दोन वर्षांचा, पाच वर्षांतून एकदा येतो तो पाच वर्षांचा, असं जुन्या नोंदींवरून ठरवलेलं असतं. आमच्याकडचे गावरस्त्यांवरचे लहान पूल पंचवीस वर्षांच्या पावसाला टिकले पाहिजेत, असा निकष. तो झाला पुलाच्या डिझाइनचा पाऊस. आम्ही बाकीचे इंजिनिअर ही भाषा ऑफिसात बोलायचो आणि पाच वाजता कपाटात ठेवून घरी जायचो. मॅडम तिच्यातच राहायला होत्या.

त्या आमच्या परभणीच्या उपविभागाच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा ज्युनिअर. हाताखालच्या प्रत्येकाला त्या 'इंजिनिअर' म्हणायच्या, नावानं कुणालाच नाही. वरच्या मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं की आम्ही सगळे दाराबाहेर कान लावून उभे. आतून आवाज चढायचा, टेबलावर काहीतरी आपटायचं, आणि मॅडम पदर सावरत बाहेर येऊन जाहीर करायच्या, "दोन वर्षांचा राग हाय. चहा हुईपर्यंत ओसरंल." आणि ओसरायचाच. एकदा साहेबांनी खुर्ची ढकलून दिली तेव्हा मात्र त्या अदबीनं म्हणाल्या, "हा दहाचा व्हता. बघायला मिळाला, नशीब."

त्यांचं माहेर वालूरचं. वडील प्राथमिक शिक्षक. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली एक काचेची मापनळी उभी असायची, आणि पाहुणा आला की आधी तिची ओळख, मग घरातल्या माणसांची. वडिलांनी शाळेच्या अंगणात स्वतःचा पर्जन्यमापक बसवला होता. पाऊस पडला की वर्गातल्या एकेका पोराला उठवून विचारायचे, "किती पडला?" कुणी "लय पडला, गुरुजी" म्हणालं की, "लय म्हणजे किती?" असं विचारून त्याला बाहेर मोजायला पाठवायचे. त्या पोरांमध्ये आमच्या मॅडमही होत्या, आणि माझं तर म्हणणं आहे की त्या बाहेर गेल्या त्या परत वर्गात आल्याच नाहीत.

त्यांच्या क्वार्टरच्या अंगणातही पर्जन्यमापक होता. त्याच्या आसपास उंच काही चालत नसे. शेजाऱ्यांच्या शेवग्याची फांदी त्या दिशेला वळली की मॅडम कुंपणापाशी हजर. दर उन्हाळ्यात शेवगा छाटला जायचा आणि शेंगा ऑफिसात यायच्या. मग आठवडाभर आम्हा सगळ्यांच्या डब्यात शेवग्याची आमटी. आमटी कंटाळवाणी झाली की समजायचं, मृग जवळ आला.

छत्री त्यांनी कधी वापरली नाही. "दारात आलेल्या पाहुण्याला बाहेरूनच परत पाठवायचं का?" म्हणायच्या. साइटवर सर आली की आम्ही सगळे जीपमध्ये, आणि मॅडम बाहेर हात पसरून, डोळे मिटून उभ्या. "वाढायलाय... वाढायलाय... हां, आता बसला." ड्रायव्हर मला हळूच विचारायचा, "साहेब, ह्यांच्या अंगात येतंय का?" मी म्हणायचो, "येतं. पण आकड्यासकट येतं."

आमच्या खात्यात पूल वाहून गेला की लिहायचं वाक्य ठरलेलं असे: 'अतिवृष्टीमुळे वाहून गेला.' एवढं लिहिलं की सगळे मोकळे. पाऊसच निकषापेक्षा मोठा, त्याला कोण काय करणार? मॅडम ते वाक्य वाचायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या. "अतिवृष्टी म्हणजे किती? कुठल्या यंत्रावर? किती तासांत?" दिवसभरात रमतगमत पडलेला पाऊस आणि तेवढाच दीड तासात ओतलेला पाऊस त्यांना एक वाटत नसे, आणि ओढ्यालाही वाटत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. महसुलाच्या मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली तेव्हा बाईंनी ऑफिसात पेढे वाटले. तिथून पुढं रोज सकाळी लोक राशिभविष्य वाचतात तशा त्या मोबाइलवर गावोगावचा पाऊस वाचायच्या, आणि अतिवृष्टीचा अहवाल लिहिण्याआधी आम्हीही गुपचूप तेच आकडे उघडायचो.

आणि मग त्यांचाच पूल गेला.

झरीच्या पुढं एका गावाच्या ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला बुटका पूल होता. मॅडमनी नोकरीत लागल्यावर स्वतः डिझाइन केलेला पहिला. जाता-येता त्या जीप थांबवायच्या, उतरायच्या आणि कठड्यावर थाप मारून परत बसायच्या. एका भादव्यातल्या दुपारी पाऊस आला आणि संध्याकाळी सरपंचबाईंचा फोन आला, "मॅडम, तुमचा पूल गेला बघा." आम्ही सकाळी पोचलो तर अर्धा पूल बेपत्ता आणि उरलेल्या अर्ध्यावर एक म्हैस पाहणीला आल्यासारखी उभी. माणूस कुणी गेलं नव्हतं. पण एस्टी आता ओढ्याच्या अलीकडेच थांबणार, शाळेची पोरं आणि दवाखान्याला निघालेली माणसं पाण्यातून, आणि पाणी वाढलं की गावातच.

मोठे साहेब तसे मनाचे चांगले. म्हणाले, "मॅडम, अतिवृष्टी लिहा आणि सोडा. रिटायरमेंट तोंडावर आलीय तुमची."

मॅडमनी मोबाइल पुढं केला. हवामान केंद्र त्याच गावात, पंचायतीच्या बाजूला, एस्टी थांबते तिथंच. आणि त्या दिवशीचा त्या केंद्राचा पाऊस अगदीच किरकोळ.

"साहेब, हा दोन वर्षांचासुद्धा न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा पावसात पूल गेला म्हणजे चूक पुलाची. म्हणजे माझी."

यात एक मेख होती. अतिवृष्टी लिहिली की मॅडम सुटणार, पण पूल दुरुस्तीत जाणार आणि पुन्हा त्याच नळ्या, तीच उंची. डिझाइन चुकलं असं लिहिलं की नवं डिझाइन, उंच पूल. पण चौकशी मॅडमवर, तीही निवृत्तीच्या उंबऱ्यावर. मॅडमनी दुसरं लिहिलं. पाऊस निकषाच्या आत होता, दोष संकल्पनाचा, म्हणजे डिझाइनचा, संकल्पन करणारे: अस्मादिक. साहेबांनी ते वाचून कपाळाला हात लावला.

"स्वतःची चौकशी स्वतः मागणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय!"

"पंचवीस वर्षांतून एकदा दिसंल," मॅडम म्हणाल्या, आणि हसतच बाहेर आल्या.

हसणं तेवढंच. पुढच्या आठवड्यात मी काही कामाला त्यांच्या क्वार्टरवर गेलो तर अंगणातला पर्जन्यमापक काढून भिंतीशी आडवा ठेवलेला. आणि दोन दिवसांनी, भुरभुर पावसात, मॅडम ऑफिसच्या फाटकातून आल्या त्या छत्री घेऊन. नवी, काळी, दुकानाची चिठ्ठी अजून लटकत असलेली छत्री. शिपायानं निमूट ती घेतली आणि कोपऱ्यात उघडून वाळत घातली. मला फार वाईट वाटलं. कुणी माणूस गेल्यावर ऑफिसात शांतता होते, तशी त्या छत्रीनं झाली.

नव्या पुलासाठी ओढ्याची मापं घ्यायला आम्ही गावात गेलो तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. मॅडम छत्रीखाली, मी टेप धरून. दुपार कलली आणि वालूरच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट होऊन आलं. पाहता पाहता असा पाऊस कोसळला की आम्ही पंचायतीच्या ओसरीत पळालो. सरपंचबाईंनी चहा टाकायला सांगितला. मॅडमनी हात बाहेरसुद्धा काढला नाही.

तेवढ्यात पंचायतीचे शिपाई, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं, आतून धावत निघाले. वय झालेलं, धोतर गुडघ्यावर खोचलेलं, आणि डोक्यावर लोखंडी घमेलं. आम्हाला वाटलं, भिजू नये म्हणून. पण मामांनी हवामान केंद्राच्या जाळीचं कुलूप काढलं, आत शिरले, डोक्यावरचं घमेलं उतरवलं आणि पर्जन्यमापकावर बेताबेतानं उपडं घातलं. वर एक दगड ठेवला. मग कोसळत्या पावसात डोळे पुसत आमच्याकडं वळून ओरडले,

"काळजी करू नका, मॅडम! झाकलंय!"

मॅडमच्या हातातला कप कलला. "मामा, काय करायलाव तुमी?"

"यंत्र झाकायलो की. लय नाजूक असतंय ते. आत बारीक बारीक बादल्या हायेत."

"नेहमी झाकता?"

"छ्या! साधा पाऊस सोसतंय ते." मामा अभिमानानं ओसरीत आले, धोतर पिळायला लागले. "पर असला जोराचा आला की मग मी घरी बसत न्हाई. वरूनच हुकूम हाय, यंत्राची काळजी घ्यावी. बसवल्यापासून एक खरोच न्हाई पडू दिली!"

मॅडमनी कप खाली ठेवला आणि तोंडावर हात धरला. मला वाटलं रडणार. त्या हसायला लागल्या. उभ्यानं हसल्या, खांबाला धरून हसल्या, शेवटी ओसरीच्या पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावून हसल्या. "इंजिनिअर! आरं, पाऊस मोजायचं यंत्र ह्यांनी पावसापासून वाचवलं!" आणि तशाच उठून भर पावसात त्या केंद्राकडं पळाल्या, दगड भिरकावला, घमेलं उचललं आणि ते छातीशी धरून चिखलात गोल गोल फिरल्या. छत्री ओसरीत राहिली. ती कुणाची झाली ते मला माहीत नाही, मॅडमनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पण सरपंचबाईंच्या डोक्यात भलताच उजेड पडला होता. "थांबा. म्हंजी आमच्या मंडळात कधीच अतिवृष्टी लागत न्हाई, पिकाची भरपाई यीत न्हाई, ती ह्या घमेल्यामुळं?" त्या मामांकडं अशा वळल्या की मामा मॅडमच्या मागं लपले. मॅडमनी त्यांना पाठीशी घातलं. "ह्यांना कुणी सांगितलं व्हतं का यंत्र कशासाठी हाय? काळजी घ्या म्हणलं, घेतली. बोलायचं तर आमाला बोला."

मग सुरू झाला शोध: पूल गेला त्या दिवशी खरा पाऊस किती? सर ओसरल्याबरोबर मॅडम पट्टी घेऊन घरोघर निघाल्या. त्या दुपारी अंगणात कोणतं भांडं उघडं आणि रिकामं होतं? ते किती भरलं? बायांना हे सगळं पाठ, कारण फुकटचं पाणी कुणी विसरत नाही. एकीनं मोठी कढई दाखवली. "ताई, कढई न्हाई चालत, सरळ काठाचं पायजे," मॅडम म्हणाल्या. दुसरीनं निळा पिंप ओढत आणला. "धुऊन उन्हाला ठिवला व्हता, मॅडम, हितवर भरला, ह्या कडीपस्तोर." किती वेळात भरला? घड्याळ कुणी बघितलं नव्हतं. पण कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या, कुणाची डाळ शिजली, कुणाची करपली, यावरून गल्लीत अशी वादावादी पेटली की दोन जावा, ज्यांचं बोलणं बंद होतं, त्या भांडणासाठी का होईना पुन्हा बोलायला लागल्या. शाळेच्या भिंतीवरची चिखलाची रेघ मी मापली. शेजारच्या मंडळांतल्या, घमेलं नसलेल्या केंद्रांचे त्या दुपारचे आकडे मॅडमनी मोबाइलवर काढले. सगळं एकाच बाजूला बोट दाखवत होतं.

"इंजिनिअर," मॅडम ओसरीत बसत म्हणाल्या, "पंचवीसच्या पुढचा व्हता. लय पुढचा. माझा पूल त्याच्यासाठी बांधलाच नव्हता."

म्हणजे मॅडम निर्दोष. मी पट्टी हवेत उडवली. मामांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचबाई मात्र हसल्या नाहीत.

"म्हंजी मॅडम, आता अतिवृष्टीच लिवणार तुमी. मग पूल?"

मी खाली पडलेली पट्टी उचलली. पूल पुन्हा तसाच, त्याच नळ्या.

"ऱ्हाऊ द्या की आधीचाच आकडा," सरपंचबाई हळूच म्हणाल्या. "सरकारी यंत्राचा हाय. घमेलं आमी कुणाला दाखवत न्हाई. चौकशीचं काय, आमी सगळं गाव येतो तुमच्याकडून सांगायला."

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "बाई, मला चौकशीचं भ्याव न्हाई. पर तुमच्या गावावर पडलेला पाऊस मी पडलाच न्हाई कसं म्हणू? वडील वरून इचारतील, किती पडला?" मग ओढ्याकडं बोट दाखवलं. "पूल उंच करून आणते. खरा आकडा सांगून आणते."

साहेबांचा तो राग मी दाराबाहेरून ऐकला. साहेब ओरडत होते की आधी तुम्ही चूक म्हणता, मग पाऊस म्हणता, वर पूल मोठा मागता, कशाच्या जोरावर? पाऊस निकषाबाहेरचा होता ना? मग निकषाप्रमाणं पुन्हा बांधा! मॅडमचा आवाज शांत. जिल्ह्यातल्या केंद्रांचे गेल्या काही वर्षांतले मोठे पाऊस त्यांनी निकषाच्या पावसाशेजारी मांडले होते.

"साहेब, पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पाहुणा वरचेवर जेवायला यायला लागला तर त्याला पाहुणा म्हणायचं का घरचा? आपण ताट वाढवतो. निकष जुन्या पावसाचा हाय. आणि निकष म्हंजी कमीत कमी. त्याच्याहून मोठं बांधायला मनाई कुठं हाय, दाखवा."

साहेब म्हणाले, वर कारण काय लिहू? मॅडम म्हणाल्या, "लिहा, पावसाला आपला निकष अजून कळवलेला न्हाई."

आत मोठा आवाज झाला. मी दार ढकलणार तेवढ्यात लक्षात आलं, साहेब हसताहेत. पन्नास वर्षांच्या पावसाचं डिझाइन त्यांच्या सहीनिशी वर गेलं. मॅडम बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच त्यांना राग मोजायचं सुचलं नाही.

पूल पुरा व्हायच्या आत त्या निवृत्त झाल्या आणि वालूरला राहायला गेल्या. मामांना मात्र त्या जायच्या आधी सगळं शिकवून गेल्या होत्या. आतली बारकी बादली भरली की कलंडते, टक्क वाजतं; जितक्या वेळा टक्क, तितका पाऊस. मामांनी घमेलं पंचायतीच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली.

यंदा मी मुलीच्या वाढदिवसाचं आमंत्रण द्यायला वालूरला गेलो होतो. तिकडं पाऊस नव्हता. झरीकडं आभाळ भरलेलं दिसत होतं आणि मॅडम बोलता बोलता सारख्या खिडकीशी जात होत्या. नव्या पुलाखालून अजून मोठं पाणी गेलं नव्हतं. फोन वाजला. मामा. मॅडमनी स्पीकर लावला तसा पाऊसच घरात शिरला.

"मॅडम! उघडं हाय बघा! पार उघडं! मी शेजारीच हुबा हाय!"

"मामा, पूल..."

"टकटक थांबायलीच न्हाई, मॅडम! त्या दिसापेक्षा कमी न्हाई! मी भिजलो, पर यंत्रावर काय सुदिक न्हाई!"

"पाऊस ऱ्हाऊ द्या हो मामा!" मॅडम ओरडल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "पूल हाय का? कुणाला तरी ओढ्याकडं पाठवा!"

मामा दुखावले. "असं कसं, मॅडम? आधी आकडा, मग बाकी. तुमीच शिकवलं न्हवं? मी जागा सोडणार न्हाई."

मॅडमनी फोन टेबलावर ठेवला आणि कान त्याच्याशी नेला. पदराचं टोक मुठीत घट्ट. फोनमधून नुसता पाऊस ऐकू येत होता, आणि मग त्यातून एक लांबलचक भोंगा आला. जवळून, अगदी मामांच्या कानाशी. परत एकदा.

"आता ही परभणीची एस्टी कामून बोंबलायली हितं येऊन!" मामा वैतागले. "वो डायवरसाहेब, बंद करा! टकटक ऐकू यीना मला!"

मॅडमनी फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. हसत होत्या, आणि डोळ्यांतून धार लागली होती.

"वाजू द्या मामा," त्या म्हणाल्या, "वाजू द्या."